शेपटापुरतं अस्वल

माझी थोरली बहीण फिलोमेन पुन्हा आजी होणार, ही बातमी आमच्या अक्वेसासने गावात तोंडाने कुणी कुणाला सांगितली नाही. वाऱ्याने सांगितली. पानगळीच्या दिवसांत तिच्या परसातून धूर निघाला, नदीकाठाने घरोघर फिरला, दोरीवरच्या चादरींत शिरला, आणि ज्याने त्याने नाक वर करून ओळखलं की फिलोमेन कातडं धुरवतेय. साठी उलटलेली बाई गुडघे धरत धरत कातडं धुरवते, ती काय स्वतःसाठी?

हरीण तिच्या धाकट्याने, डार्विनने मारलं होतं. मांस वाटून झालं, कातडं आईला दिलं, आणि मेंदूही दिला, कारण मेंदूवाचून कातडं मऊ होत नाही. तो मेंदू तिने आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवला. तिचा नवरा नॉर्बर्ट त्या घरात कुठल्याही आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण विचारल्याशिवाय उघडत नाही. एकदा उघडलं होतं, म्हणे. त्याबद्दल तो बोलत नाही.

कातडं कमावणं म्हणजे आधी भांडण आणि मग समजूत. ओंडक्यावर टाकून केस खरवडायचे, वरचा पापुद्रा खरवडायचा, तिथवर भांडण. मग कोमट पाण्यात मेंदू कालवायचा, ते दुधाळ पाणी कातड्याला पाजायचं, खांबाला गुंडाळून पिळायचं, पुन्हा पाजायचं, आणि वाळेस्तोवर चारी बाजूंनी ओढत राहायचं. हात थांबला की कातड्याची फळी होते. ओढता ओढता फिलोमेन गुणगुणायची. तिचीच जुळवाजुळव:

हरणाची कातडी, आली माझ्या दारी,
नातीच्या पावलांची, करील चाकरी.

नात अजून पोटात होती. ती नातच आहे, हे फिलोमेनने सुनेच्या चालीवरून ठरवून टाकलं होतं. शेवटी कातड्याची पिशवी शिवून तिने खड्ड्यावर उलटी टांगली आणि खड्ड्यात कुजकं लाकूड घातलं. ते लाकूड पेटत नाही, नुसतं धुमसतं, रुसलेल्या माणसासारखं. दिवस कलेपर्यंत पांढरं कातडं मधाच्या रंगाचं झालं. असं धूर प्यायलेलं कातडं भिजलं तरी मऊच वाळतं. फिलोमेनच्या अंगालाही तो वास पुढे कितीतरी दिवस चिकटून राहिला. दुकानात रांगेत लोक आपण होऊन बाजूला सरायचे, आणि तिला वाटायचं, वयाचा मान ठेवतात.

नातच झाली. मध्यहिवाळ्याच्या सणात लांबघरात, म्हणजे गावच्या सणासमारंभांच्या लांबलचक घरात, सगळ्यांसमोर तिला नाव मिळायचं होतं, आणि त्या दिवशी तिच्या पायांत आपण केलेले मोकॅसिन, कातड्याचे मऊ जोडे, असावेत, एवढीच फिलोमेनची इच्छा होती. एवढीच, असं ती म्हणायची. पण मी तिच्या पाठची. त्या ‘एवढीच’च्या पोटात काय काय आहे, ते मला ठाऊक होतं.

आमच्यात कूळ आईचं चालतं. आम्ही दोघी अस्वलाच्या कुळातल्या. मला मुलीच मुली, त्यांना पोरं, त्यामुळे माझ्या घरी जेवायला बसलं की पंगतीला सगळी अस्वलंच. फिलोमेनला चार मुलगे. चौघंही अस्वलं, पण त्यांची लेकरं ज्याच्या त्याच्या आईच्या कुळात गेली. डार्विनची बायको शेलीन कासवाची, म्हणून ही नातही कासवाची, आणि राहायला कासवांच्याच घरात, तिची दुसरी आजी मिनर्व्हा हिच्या नजरेखाली. डार्विन न्यूयॉर्कला उंच इमारतींचं लोखंड जोडायला जायचा. शुक्रवारी परतायचा, तोही सासूच्या घरी.

या मिनर्व्हाला सगळं गाव वचकून असायचं. ती कधी रागवायची नाही. नुसती गप्प बसायची, आणि समोरचं माणूस आपण होऊन चुका कबूल करायचं, न केलेल्यासुद्धा.

तर नावाच्या आदल्या दिवशी, दुपारी, आम्ही तिघी नेहमीसारख्या माझ्या स्वयंपाकघरात मणिकामाला बसलो होतो. मी, फिलोमेन, आणि शेजारची जोसेट, जी कुळाने लांडग्याची आणि जिभेनेही. बाहेर नदी गोठलेली. फिलोमेनने पिशवीतून फडकं काढलं, फडक्यातून तो जोड काढला आणि टेबलावर ठेवून हात मागे घेतला, जसं आपण झोपलेलं मूल ठेवून हात काढून घेतो.

दोन्ही मिळून एका तळहातावर मावले असते. बोटांवरच्या चुण्या इतक्या बारीक, की जणू कातड्याने ओठ मुडपून हसू दाबलंय. घोट्याभोवती मखमलीची पट्टी, आणि पावलाच्या माथ्यावर डाळिंबी मखमलीचा तुकडा, त्यावर फुगीर मणिकाम. जागेपेक्षा जास्त मणी दोऱ्यात ओवले की ते कमान करून वर उठतात, हात फिरवला तर बोटांना लागतात. आणि त्या मखमलीवर, दोन्ही पावलांवर, एकेक गुबगुबीत, काळंभोर अस्वल.

आम्ही बघतच राहिलो. जोसेटने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता अशा मऊ आवाजात तिने विचारलं, “फिली, मूल कुणाचं गं हे?”

“डार्विनचं. विचारतेस काय?”

“आणि आई?”

“आई शेलीन. शेलीन नाही तर काय...” असं म्हणता म्हणता फिलोमेनचा आवाज खाली खाली गेला, विहिरीत बादली सोडावी तसा.

तिने आयुष्यभर अस्वलंच ओवली होती. भावांसाठी, मुलांसाठी, माझ्या मुलींसाठी, मुलींच्या मुलांसाठी. तिला डोळे बांधून बसवलं तरी सुईतून अस्वलच उतरलं असतं. “हाताने केलं,” ती म्हणाली. “हाताने केलं गं, मी नाही.” मी मान डोलावली. पण हात एकटा इतके दिवस राबत नाही. आतून कुणीतरी त्याला दिवा धरलेला असतो.

आता करायचं काय? कासवाच्या नातीला अस्वल घालून लांबघरात नेणं म्हणजे मिनर्व्हाच्या अंगणात जाऊन आपला खुंटा ठोकणं. मखमल तर चुण्यांच्या शिवणीत धरलेली, उसवली तर कातडं फाटणार. नवा जोड एका दुपारीत होत नाही. मी म्हटलं, या वेळी राहू दे, उन्हाळ्यात दुसरा कर. त्यावर फिलोमेन माझ्याकडे अशी बघायला लागली, की मी उठून सूप ढवळायला गेले.

मार्ग जोसेटने काढला. अस्वल आणि कासव यांत असा फरक तो काय, म्हणाली. दोघांना चार पाय. याच्या पाठीवर कवच चढवायचं, पाय आखूड करायचे, मान लांबवायची, झालं कासव. ज्या बाईला स्वतःला सरळ रेघ ओवता येत नाही, तिने हे इतक्या खात्रीने सांगितलं, की आमचा विश्वास बसला.

फिलोमेनने मेण लावून दोरा ओढला आणि अस्वलांच्या पाठींवर पांढऱ्या आणि हिरव्या मण्यांची कमान चढवली. कमान झाली खरोखर देखणी. मग पायांचे मणी काढले, मानेला घातले. पण कान काढायची वेळ आली तेव्हा तिचा हात अडला. कान राहू देत, म्हणाली, कान छान जमलेत. जोसेटने सांगून पाहिलं, मीही सांगितलं, पण कान राहिले.

याच वेळी नॉर्बर्ट बर्फात भोक पाडून धरलेले मासे घेऊन आत आला. त्याने टेबलाकडे पाहिलं, मासे ठेवले, पुन्हा पाहिलं.

“पाव चांगला फुगलाय,” तो म्हणाला. “पण त्याला कान का आहेत?”

कुणी काही बोलेना, तेव्हा त्याला वाटलं आपण कमी कौतुक केलं. त्याने दुसरं पाऊल उचलून उजेडात धरलं आणि हा पाव त्या पावापेक्षा आनंदी दिसतो, असं सांगितलं. ते खरंच होतं. मान लांबवताना एका प्राण्याचं तोंड किंचित वर वळलं होतं. त्यामुळे एका पायावर काळजीत पडलेला पाव होता, आणि दुसऱ्या पायावर त्याच्या काळजीला हसणारा.

नॉर्बर्टला तिथून हाकलणार, तोच दारावर थाप पडली आणि थापेपाठोपाठ मिनर्व्हाच आत आली. उद्याच्या सुपासाठी राखेत उकळलेला मका धुवायचा होता, आणि तिच्या धुवायच्या टोपलीचं बूड गेलं होतं. माझी हवी होती.

फिलोमेनने काय केलं, तर तो जोड झपकन खुर्चीवर टाकला आणि त्यावर बसली. सुई अजून मखमलीत होती. कातड्याची सुई, तीन धारांची. बसली आणि तिच्या भुवया कपाळावर चढल्या, त्या तिथेच राहिल्या.

मी टोपली काढून दिली. आता टोपली मिळाल्यावर माणूस जातं. पण मिनर्व्हाने कोट काढला, जोसेटच्या शेजारी बसली आणि चहा चालेल म्हणाली. मी चहा ठेवला. मग ती मक्याबद्दल बोलली, बर्फाबद्दल बोलली, जावई शनिवारी दुपारपर्यंत झोपतो त्याबद्दल बोलली. फिलोमेन प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होती, दर वेळी जरा वरच्या पट्टीत. जोसेट खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. नॉर्बर्ट माशांना न्याहाळत होता.

“तब्येत बरी ना, विहीणबाई?” मिनर्व्हाने विचारलं.

“उत्तम,” फिलोमेन म्हणाली. तो आवाज एखाद्या पक्ष्याने काढावा असा होता.

मग मिनर्व्हा मुद्द्यावर आली. शेलीन विचारत होती, तो जोड झालाय का. झाला नसेल तर मनाला लावून घेऊ नका, वयात हात थकतात. तिने सोय करून ठेवली होती. शहरातल्या दुकानातून गुलाबी लोकरीचे बूट आणले होते. गरम होते, आणि वर सशांची तोंडं होती.

फिलोमेनचा चेहरा लाल झाला. आमच्या आईपासून आजवर आमच्याकडच्या एकाही लेकराने दुकानातलं काही पायांत घालून नाव घेतलेलं नाही.

“ससे?” ती म्हणाली. “सशाचं कूळ आपल्यात कधी निघालं?”

आणि ती ताडकन उभी राहिली. एक मोकॅसिन खुर्चीवर राहिला. दुसरा तिच्या स्कर्टला, मागे, सुईने धरून ठेवलेला, तिच्याबरोबर उठला. ती रागाने खिडकीकडे वळली आणि तो हसणारा पाव मिनर्व्हाच्या अगदी नाकासमोर आला.

मिनर्व्हाने हात पुढे केला, सुई ओढून काढली, मोकॅसिन सोडवून घेतला. खुर्चीवरचाही उचलला. डोक्यावर चढवलेला चष्मा खाली घेतला आणि ती बघत राहिली. मग तिची ती प्रसिद्ध शांतता सुरू झाली. नॉर्बर्टने त्या शांततेत कबूल करून टाकलं की गेल्या वर्षी तिच्या कुंपणाला गाडी त्यानेच घासली होती. तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

“हे काय आहे?” तिने विचारलं.

“कासव,” जोसेट म्हणाली.

“अस्वल,” फिलोमेन म्हणाली.

ती पुन्हा खुर्चीवर बसली, या वेळी जपून, एका बाजूवर. “अस्वल होतं, विहीणबाई. झाकायला गेलो आणि हे झालं. मला माहीत आहे ती कासवाची आहे. जन्माला आली तेव्हाच मला माहीत होतं. मी चार मुलगे दिले आणि चौघांनी चार घरं भरली. त्यांचं चांगलं चाललंय, माझी तक्रार नाही. पण संध्याकाळी दिवा लावते तेव्हा त्या घरात अस्वल म्हणून मी एकटी असते. हा नॉर्बर्टसुद्धा लांडगा आहे.”

नॉर्बर्टने मान खाली घातली, जणू लांडगा असणं हाही त्याचाच काही हलगर्जीपणा होता.

मिनर्व्हा मण्यांवरून अंगठा फिरवत राहिली. मग तिने मोकॅसिन नाकाशी नेला आणि धुराचा वास घेतला.

“कातडं तुम्ही स्वतः कमावलंत?”

“स्वतः.”

“या गुडघ्यांनी?”

“याच.”

मग मिनर्व्हाने चहाचा कप बाजूला सारला आणि खुर्ची पुढे ओढली. तिने बोट ठेवलं ते पाठीवरच्या कमानीवर. ही कमान चांगली साधलीय, म्हणाली. कासव विसरा, कासव तुम्हाला जन्मात जमणार नाही. ही आभाळाची कमान आहे. तिच्यावर दोन कोंब काढले की झालं. आभाळाखाली सगळीच कुळं राहतात, त्यावरून कुणी कुणाशी भांडणार नाही.

आम्ही तिघींनी कमानीकडे पाहिलं. आभाळाची कमान आमच्यात जी ती बाई काढते. आम्हाला ती एवढा वेळ कशी दिसली नाही, कोण जाणे. पण त्यासाठी खालचा प्राणी जायला हवा होता. फिलोमेनने सुई उचलली, प्राण्यापाशी नेली आणि थांबली.

“डोकं काढते,” ती म्हणाली.

“काढा.”

“पाय काढते.”

“काढाच.”

“कान?”

“आभाळाला कान कुठे पाहिलेत तुम्ही?”

फिलोमेनने कान उसवले. एकेक काळा मणी बशीत टाकत होती. पाऊल जवळजवळ मोकळं झालं, तशी ती पुन्हा थांबली. “शेपूट?” तिने विचारलं.

मिनर्व्हाने चष्म्यावरून पाहिलं. “अस्वलाला शेपूट असतं?”

“असतं. एवढंसं. नीट पाहिलं तर दिसतं.”

“नीट कोण पाहणार आहे?”

“मी पाहीन,” फिलोमेन म्हणाली.

मिनर्व्हाने टोपलीची कड बोटांनी चाचपली, जणू माझी टोपली धड आहे की नाही हे आत्ताच पाहायचं होतं. “ठेवा मग,” ती म्हणाली. “पण एवढंसंच.”

उजेड होता तोवर काम करून घ्यायचं होतं, म्हणून एक पाऊल फिलोमेनने घेतलं आणि दुसरं मिनर्व्हाने. मिनर्व्हाच्या हाताला मणिकाम नाही, हे गावाला माहीत आहे, पण तिला ते आजवर कोण सांगणार? तिने ओवलेले कोंब सैल पडले, वेलावरच्या सुकल्या काकडीसारखे. फिलोमेनला सैल मणी दिसला की दाढ दुखते. मी तिच्याकडे बघत होते. तिने दोनदा हात पुढे केला, दोनदा मागे घेतला, आणि शेवटी, फार छान हो, असं म्हणाली. माझ्या बहिणीच्या तोंडून मी ऐकलेलं एवढं मोठं खोटं तेच.

दुसऱ्या दिवशी लांबघरात शेलीनने लेकीला आणलं. बाहेर बर्फ, आत माणसांची ऊब आणि लाकडाचा धूर, आणि त्या धुरात त्या पावलांचा धूर मिसळून गेला. पोरगी नाव मिळेपर्यंत गाढ झोपलेली. नाव मिळालं, आणि ते सगळ्यांना ऐकवायला तिला हातांवर घेऊन फिरवलं, तेव्हा जागी झाली आणि पाय झाडायला लागली. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष नावापेक्षा पायांकडेच गेलं. एका पायावरचं आभाळ ताठ, निरभ्र. दुसऱ्यावरचं जरा पावसाळी. आणि दोन्हींच्या खाली, कडेला, एक काळा ठिपका.

कासवांकडच्या एका म्हातारीने वाकून पाहिलं. हे काय गं, डाग पडलाय का, असं तिने विचारलं. फिलोमेन माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली.

मिनर्व्हाने म्हातारीकडे मान वळवली. “डाग नाही,” ती म्हणाली. “ती बापाकडची बाजू आहे. तिकडे उभी आहे बघ.”

म्हातारीने फिलोमेनकडे पाहिलं. मग लोकही पाहायला लागले. माझी बहीण, जी दुकानाच्या रांगेत राणीसारखी उभी राहते, ती त्या दिवशी आपले पाय कुठे ठेवावेत ते न कळून एकदा या पायावर, एकदा त्या पायावर झाली. कालची सुईही अजून दुखत असावी. जेवणं झाल्यावर शेलीनने पोर तिच्या हातात दिली आणि बराच वेळ परत मागितली नाही. फिलोमेनने तिचं एक पाऊल मुठीत धरलं होतं, पावसाळी आभाळाचं.

लहान मुलांचे पाय कुणासाठी थांबत नाहीत. बर्फ वितळून नदीवर होड्या आल्या, तेव्हा टाचा चुण्यांना ढकलायला लागल्या होत्या. एका सकाळी मी फिलोमेनकडे बसले असताना मिनर्व्हाचा फोन आला, आवाज खोलीभर ऐकू येणारा. जोड लहान झालाय, म्हणाली, आणि ससे अजून कपाटात आहेत, पण पोरगी त्यांना पायाला शिवू देत नाही. तर दुसरा जोड करा. आभाळ याही वेळी मी येऊन ओवेन.

फिलोमेनने डोळे मिटून घेतले आणि, या की, असं म्हणाली.

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. ती शांतता मला फोनच्या अलीकडूनही ओळखता आली. नॉर्बर्ट मनातल्या मनात काही कबूल करायचं राहिलंय का, ते आठवू लागला.

मग मिनर्व्हा म्हणाली, “आणि ते शेपूट. पायही मोठा झालाय, तर या खेपेला जरा मोठं चालेल.”

फिलोमेनने फोन ठेवला. कातडं शिल्लक आहे का, मखमल आहे का, काही बघितलं नाही. मण्यांचा डबा ओढला आणि आधी काळे मणी वेगळे काढायला बसली.